टोपलीत गेलेले चार भाऊ

आमच्या रस्त्यावरच्या फोटो स्टुडिओत तुम्ही चेहरा कसाही घेऊन जा, बाहेर येताना तो बरा होऊनच येतो. ही करामत कॅमेऱ्याची नाही, ताईंची. मुरूम, वांग, डोळ्यांखालची काळी वर्तुळं, दाढी करताना झालेली जखम, सगळं त्या पुसून टाकतात. पूर्वी हे काम त्या बारीक कुंचल्याने करायच्या, आता कॉम्प्युटरवर करतात. म्हणून मी त्यांचं नाव ‘डागताई’ ठेवलं. तोंडावर मात्र ताईच म्हणतो, कारण माझ्या पासपोर्टचा फोटो त्यांच्याच हातात होता.

स्टुडिओ त्यांच्या वडिलांचा. आता कॅमेरा धरतो त्यांचा भाऊ, धाकटा. पन्नाशी उलटली, डोक्यावरचं पीक गेलं, तरी सगळा रस्ता त्याला धाकटाच म्हणतो, आणि तोही हाकेला ओ देतो. काउंटरवर बसतात त्याची बायको, म्हणजे वहिनी. वहिनींना स्वच्छतेचं भारी वेड. त्यांच्या हातात कायम एक फडकं असतं. गिऱ्हाईक बाकावर जरा जास्त वेळ बसलं तर त्यालाही एक हात मारतील अशी भीती वाटते. मला तर मारलेलाच आहे. मी तिथे रोज सकाळी फुकटचा पेपर वाचायला बसतो. पेपरात काही नसतं हो. जे काही असतं ते त्या तिघांत असतं.

तर झालं असं की ताईंचा उजवा हात थरथरायला लागला. फार नाही. कपात चहा ओतताना बशीत थोडा सांडायचा, इतकंच. पण ताईंनी त्याचा कुठे बोभाटा होऊ दिला नाही. चहा त्या डाव्या हाताने ओतायला लागल्या, आणि कोणी विचारलं तर म्हणायच्या, “सवय बदलून बघतेय, मेंदूला चांगलं असतं म्हणे.”

चहाचं भागलं, माउसचं काय करणार? फोटो उचलून एका फोल्डरमधून दुसऱ्यात टाकायचा, तर हात मध्येच उडी मारायचा आणि फोटो भलत्याच घरी जाऊन पडायचा. एका तान्ह्या बाळाच्या अल्बममध्ये एकदम एक टकलू विमा एजंट निघाला. बाळाची आजी म्हणाली, “चेहरा आमच्याकडचाच वाटतो, पण हा कोण?” सगळे हसले. धाकटा हसला नाही. त्या दिवसापासून त्याने एक सूर धरला. “ताई, तू आता आराम कर. खूप केलंस.”

आराम या शब्दाचाच ताईंनी धसका घेतला. लग्न केलं नाही, वडिलांच्या अंधाऱ्या खोलीत लाल दिव्याखाली काम शिकल्या, तेव्हापासून सकाळ झाली की स्टुडिओ. घरी बसायचं म्हणजे काय करायचं असतं हेच त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांनी मला एकदा विचारलंही, “तुम्ही दिवसभर घरी काय करता हो?” मी म्हटलं, “मी घरी असतो कुठे? मी तर इथे असतो.” त्यांनी चष्म्यावरून मला न्याहाळलं. बहुतेक माझ्याकडे बघून आरामाचा धसका आणखी वाढला असावा.

अशा वेळी त्यांना आठवले समोरचे चष्मेवाले.

चष्मेवाल्यांबद्दल सांगायला हवं. माणूस सज्जन, डोळे तपासण्यात पक्का, पण त्यांना लिनक्सचा नाद. ही कॉम्प्युटर चालवणारी एक व्यवस्था आहे, फुकट मिळते, आणि तुम्हाला हवी तशी वाकवता येते. चष्मेवाले तिचे बिनपगारी प्रचारक. तुम्ही खुर्चीत बसलात की ते डोळ्यांपुढे भिंगं बदलत विचारतात, “हे बरं दिसतंय की आधीचं?” आणि त्याच दमात, “घरी कॉम्प्युटरवर काय आहे?” नंबर काढता काढता त्यांनी अर्ध्या रस्त्याचे जुने कॉम्प्युटर बाटवले. स्टुडिओतला ताईंचा कॉम्प्युटरही त्यांनीच बाटवलेला.

धाकटा बाहेरच्या कामाला गेलेला बघून ताईंनी त्यांना बोलावलं.

“मला माउसला हात न लावता काम करता आलं पाहिजे,” ताई म्हणाल्या. “डावा हात आणि एक बटण. जमेल?”

“जमेल काय, त्यासाठीच तर आहे हे,” चष्मेवाले खुलले. “तुमचं काम काय, ते सांगा.”

“फोटो आले की ‘आलेले’ या फोल्डरमध्ये पडतात. मी एकेक बघते. चांगला असला की ‘निवडलेले’मध्ये टाकते, वाईट असला तर तिथेच राहू देते. बस.”

चष्मेवाल्यांनी फाइल मॅनेजर उघडला. फाइलींची कपाटं दाखवणारी खिडकी ती. तिच्या मेनूत त्यांनी एक नवी ओळ घातली, ‘निवडलेल्यांत हलवा’. मग सेटिंगमध्ये जाऊन एक बारीकशी खूण केली आणि गुपित सांगावं तशा आवाजात म्हणाले, “आता गंमत. मेनू उघडायचा, हव्या त्या ओळीवर माउसचा बाण नुसता ठेवायचा, क्लिक करायचं नाही, आणि जे बटण आवडतं ते दाबायचं. बटण त्या ओळीला चिकटलं. पुढे ते बटण दाबलं की तेच काम होणार. कोणतं बटण हवं?”

ताईंनी कीबोर्डची वरची रांग न्याहाळली आणि एफ नऊ निवडलं. का, तर त्याच्या आजूबाजूची बटणं त्या कधी वापरत नव्हत्या, चुकून दुसरं दाबलं गेलं तरी बिघडायला नको. सगळा विचार केलेला होता बाईने.

एवढ्यात चष्मेवाल्यांचं लक्ष ताईंच्या चष्म्याकडे गेलं. एक काडी लोंबत होती. तो माणूस लोंबती काडी बघून गप्प बसणं शक्यच नाही. “द्या इकडे, स्क्रू आवळून आणतो. मी येईपर्यंत कशाला हात लावू नका,” असं बजावून ते रस्ता ओलांडून गेले. तिथे एक गिऱ्हाईक आलं, त्याला बसवलं, नंबर काढला, लिनक्सचा विषय निघाला. झालं.

ताई थांबल्या, थांबल्या, आणि मग नाही थांबल्या. धाकटा केव्हाही परत आला असता. त्याच्यासमोर त्यांना हा उद्योग करायचा नव्हता. त्यांनी उजव्या हाताने माउस धरला, मेनू उघडला, डोळे बारीक करून ओळ शोधली, बाण ठेवला आणि डाव्या हाताने एफ नऊ दाबलं. मी बाकावर होतो. पेपर तोंडापुढे होता, डोळे कडेने तिकडे होते. “झालं का?” मी विचारलं.

“झालं,” त्या म्हणाल्या. इतक्या हलक्या आवाजात म्हणाल्या की मलाच बरं वाटलं.

चष्मेवाले चष्मा घेऊन आले तेव्हा ताईंनी एका फालतू फोटोवर एफ नऊ दाबून दाखवलं. फोटो गायब. “गेला निवडलेल्यांत,” ताई म्हणाल्या. चष्मेवाले म्हणाले, “वा.” तो कुठे गेला हे बघायची बुद्धी दोघांना झाली नाही, आणि मला तर अशी बुद्धी मुळातच नाही.

मग ताईंनी एक काम केलं. वहिनींच्या ड्रॉवरमधली नखांच्या रंगाची लाल बाटली न विचारता उचलली आणि एफ नऊवर एक ठिपका दिला. जन्मभर दुसऱ्यांचे डाग पुसणाऱ्या बाईने स्वतःच्या हाताने डाग पाडला. तो लाल ठिपका बघून त्यांना कोण आनंद. त्यानंतर काम असं सुसाट सुटलं की विचारू नका. डाव्या हाताने बाण दाखवणारी बटणं दाबत फोटो बघायच्या, आवडला की ठिपक्यावर बोट. माउस बिचारा कोपऱ्यात पडून. डाग पुसायला ‘निवडलेले’ उघडायचं ते एकदम शनिवारी.

आता मधली भानगड ऐका. वहिनी रोज दुकान बंद करण्याआधी सगळं पुसतात. काउंटर, आरसा, खुर्च्या, आणि कॉम्प्युटरची टोपलीसुद्धा. टोपली म्हणजे स्क्रीनवर ते चित्र असतं ना, नको त्या फाइली जिथे जाऊन पडतात, ते. भरलेली टोपली त्यांना बघवत नाही, मग ती खरी असो की चित्रातली. रोज संध्याकाळी रिकामी करणार म्हणजे करणार. तर ठिपका दिला त्याच संध्याकाळी त्यांचं फडकं ताईंच्या कीबोर्डवरून फिरलं आणि त्यांना दिसला डाग. नखाने खरवडायला घेतला. अर्धा निघाला.

“अगं, काय करतेस,” ताई ओरडल्याच.

“काय म्हणजे? पुसतेय. आणि हा रंग माझ्या बाटलीतला दिसतोय.”

“माझ्या टेबलावरचं काही पुसत जाऊ नकोस. सगळंच घाण नसतं.”

“बरं ताई,” वहिनी म्हणाल्या. त्यांचा ‘बरं’ हा शब्द फार महाग असतो. “आजपासून तुमच्या टेबलाला मी बोट लावणार नाही. टेबल तुमचं, धूळ तुमची, कचरा तुमचा.”

तेव्हापासून दोघींचं बोलणं बंद. निरोप धाकट्यामार्फत. धाकटा नसला तर माझ्यामार्फत. “काका, ताईंना विचारा चहा घेणार का.” ताई दोन हातांच्या अंतरावर बसलेल्या. मी विचारायचो, त्या मला सांगायच्या, मी उलट सांगायचो. मजेत होतो मी. पण फुकटात दोन बायकांची तार चालवणंही सोपं नसतं.

त्याच दिवसांत ते मोठं काम आलं. पलीकडच्या औषधांच्या दुकानातल्या बाईंना चार भाऊ. चौघांचं एकमेकांशी पटत नव्हतं, आणि कारण काय, तर वडिलांची आरामखुर्ची. प्रत्येकाचं म्हणणं, बाबांनी ती मला द्यायचं कबूल केलं होतं. खुर्चीवरून एकमेकांची तोंडं बघायचं बंद केलं होतं त्यांनी. शेवटी त्यांच्या आईने हाय खाल्ली आणि सांगितलं, मला डोळे मिटण्याआधी चौघांबरोबर एक फोटो हवा. बाईंनी फोनवर फोन केले, हातापाया पडल्या, कोणाला दटावलं, आणि चौघांना एका दुपारी आपल्या घरी गोळा केलं. आईला बसवलं त्याच आरामखुर्चीत, चौघे मागे उभे. धाकट्याने भराभरा फोटो काढले. बरं झालं भराभरा काढले, कारण संध्याकाळी निघताना थोरल्या भावाने ‘ही खुर्ची गाडीत मावेल का’ एवढंच म्हटलं, आणि पुन्हा जुंपली. चौघे चार दिशांना गेले. पुन्हा एकत्र येण्याची आशा बाईंनीही सोडली.

धाकट्याने फोटो ताईंच्या कॉम्प्युटरवर उतरवले. ताईंनी बसून निवड केली. मान तिरपी करायच्या, हसायच्या, ठिपक्यावर बोट. “झालं रे,” त्यांनी हाक दिली, आणि धाकट्याने पुढच्या कामासाठी कॅमेऱ्याचं कार्ड कोरं केलं. ही त्यांची वडिलांपासूनची रीत. ताई ‘झालं’ म्हणेपर्यंत मूळ प्रतीला हात लावायचा नाही, आणि ताईंनी म्हटलं की विचारायचं नाही.

शनिवारी सकाळी औषधवाल्या बाई फोटो बघायला आल्या. मी बाकावर सरकून त्यांना जागा दिली. ताईंनी स्क्रीन त्यांच्याकडे वळवला, ‘निवडलेले’ उघडलं, आणि आत काहीच नव्हतं.

ताईंनी फोल्डर बंद केलं, पुन्हा उघडलं. पांढरंफटक. मग ‘आलेले’ उघडलं. तिथे होते फोटो. एकात मोठ्याचे डोळे मिटलेले, एकात दुसरा शिंकतोय, एकात तिसरा घड्याळ बघतोय, एकात आई मागे वळून कोणाला तरी रागावतेय आणि चौघांची फक्त पोटं दिसताहेत. म्हणजे वाईट म्हणून ठेवलेले तेवढे जागच्या जागी, आणि चांगला एक नाही.

“हेच आहेत का?” बाईंनी विचारलं. त्यांचा आवाज असा काही उतरला की माझ्यासारख्यालाही पेपर खाली ठेवावासा वाटला.

“नाही नाही. आहेत. जरा बसा,” ताई म्हणाल्या. उजवा हात मांडीवर ठेवून त्यांनी डाव्या हाताने दाबून धरला होता.

धाकटा आतल्या खोलीतून आला. त्याने फोल्डर बघितलं, ताईंकडे बघितलं, बाईंकडे बघितलं. कार्ड तर त्यानेच कोरं केलेलं. तो रागावला असता तर बरं झालं असतं. तो अगदी हळू म्हणाला, “ताई, राहू दे. तू घरी जा आता. सोमवारपासून मी बघतो सगळं.”

ताईंनी पर्स उचलली. उचलली आणि तशीच मांडीवर ठेवून बसून राहिल्या. काउंटरवर वहिनींचं फडकं एकाच जागी फिरत होतं.

मग मी आयुष्यात पहिल्यांदा एक उपयोगी काम केलं. उठलो आणि समोरून चष्मेवाल्यांना घेऊन आलो. त्यांच्या खुर्चीत एक गृहस्थ तपासणीच्या यंत्रावर हनुवटी टेकवून बसले होते, ते तसेच राहिले.

चष्मेवाल्यांनी सगळं ऐकलं. “फोटो निवडताना काय केलंत?”

“एफ नऊ दाबलं. फोटो जात होते की डोळ्यांसमोरून.”

चष्मेवाल्यांनी मेनू उघडला. प्रत्येक ओळीपुढे तिचं बटण लिहिलेलं असतं. ‘निवडलेल्यांत हलवा’पुढे काहीच नव्हतं. तिच्या बरोब्बर वरची ओळ होती, ‘टोपलीत टाका’. तिच्यापुढे ठसठशीत लिहिलेलं, एफ नऊ.

“बाण एक ओळ वर सरकला,” चष्मेवाले कपाळावर हात मारून म्हणाले. “म्हणजे तुम्ही निवडलेला प्रत्येक चांगला फोटो टोपलीत गेला. चूक माझी. मी चष्मा काढून नेला.”

“टोपलीत आहेत म्हणजे आहेत ना?” बाईंनी विचारलं.

धाकटा, ताई आणि मी, आम्ही तिघेही काउंटरकडे बघत होतो. वहिनी रोज टोपली रिकामी करतात हे रस्त्यालाही माहीत होतं.

“काय गं,” धाकट्याने सुरुवात केली. “तू रोज संध्याकाळी...”

वहिनींनी फडक्याची नीट घडी घातली. “मला काय विचारता? त्या टेबलाला बोट लावणार नाही म्हटलं होतं ना मी? नाही लावलं. टोपली भरून वाहिली असेल, कुजली असेल, मी बघितलंसुद्धा नाही. रोज जाताना डोळे मिटून लाइट बंद करत होते.”

चष्मेवाल्यांनी टोपली उघडली. आणि बघा, आठवड्याच्या बाकी गिऱ्हाइकांबरोबर आत चौघे भाऊ. हसणारे, ताठ उभे, आईच्या खांद्यावर हात ठेवलेले. एकामागून एक. नको असलेला एक नाही, हवा असलेला एक सुटलेला नाही. ताईंची निवड जशीच्या तशी, फक्त टोपलीत. माझा जीव भांड्यात पडला. बाईंचा पडला. धाकटा तर खुर्चीतच पडला.

“आता ‘परत पाठवा’ म्हणू नका,” चष्मेवाल्यांनी सावध केलं, “नाहीतर हे उठून वाईटांत जाऊन मिसळतील आणि पुन्हा निवडत बसावं लागेल. इथून उचलून थेट निवडलेल्यांत.”

ताईंनी डाव्या हाताने सगळे एकदम धरले, कापले आणि ‘निवडलेले’मध्ये चिकटवले. मग स्क्रीनकडेच बघत म्हणाल्या, “चष्म्याचा दोष नाही. माझा हात हलला. हलतो तो. बरेच दिवस झाले.”

“माहीत आहे,” धाकटा म्हणाला.

“माहीत आहे?”

“ताई, माझं आयुष्य कॅमेरा धरण्यात गेलं. हललेलं काय आणि न हललेलं काय, मला कळत नाही होय? तू डाव्या हाताने चहा ओतायला लागलीस तेव्हाच कळलं. मला वाटलं, तुला त्रास होतोय आणि माझ्यासाठी ओढतेयस. म्हणून म्हणत होतो, आराम कर.”

“घरी बसून काय करू? भिंतीवरचे डाग पुसू?”

“ते मी पुसते,” काउंटरवरून आवाज आला. बऱ्याच दिवसांनी मधल्या माणसाशिवाय आलेला.

ताई वळल्या. “इकडे ये. तुझा हात स्थिर आहे. हा माउस धर.”

वहिनी आल्या. टेबलापाशी आल्यावर आधी त्यांनी तर्जनीने धूळ बघितली, मान हलवली, मग माउस धरला. चष्मेवाल्यांनी ‘टोपलीत टाका’पुढचं एफ नऊ आधी काढून टाकलं. वहिनींनी बाण ‘निवडलेल्यांत हलवा’वर नेऊन असा रोवला की भूकंप झाला तरी हलला नसता.

“दाबू?” ताईंनी विचारलं.

“थांबा. चष्मा आहे ना डोळ्यांवर? हां. दाबा.”

ताईंनी एफ नऊ दाबलं. त्या ओळीपुढे एफ नऊ उमटलं. तिघांनी वाचलं, चष्मेवाल्यांनी मोठ्याने वाचलं. ताईंनी एक फोटो पाठवून बघितला, आणि या वेळी तो कुठे गेला ते जाऊन बघितलं. मग चष्मेवाल्यांनी ती बारीक खूण काढून टाकली, म्हणजे बटणं आपोआप चिकटायची बंद. वहिनींनी स्वतःच्या ड्रॉवरमधून लाल बाटली आणली आणि अर्धा राहिलेला ठिपका नीट गोल केला. “असा द्यायचा असतो,” म्हणाल्या. “आणि बाटली विचारून न्यायची असते.”

औषधवाल्या बाईंनी फोटो निवडला तो भलताच. चौघे जण कॅमेऱ्याकडे न बघता खाली खुर्चीकडे बघताहेत, आणि आई वर चौघांकडे बघून खुदकन हसतेय. “हाच,” बाई म्हणाल्या, “आणि याच्याच चार प्रती काढा. तेवढं तरी वाटून घेता येईल.”

धाकटा आत जाता जाता दारात थांबला. “ताई, सोमवारी जरा लवकर ये. शाळेचं काम आहे, पोरं खूप आहेत, आणि सगळ्यांची नाकं वाहताहेत.”

“येते,” ताई म्हणाल्या, आणि पर्स पुन्हा खुंटीला अडकवली.

समोरच्या दुकानातले गृहस्थ अजून हनुवटी टेकवूनच होते. चष्मेवाले धावले.

मी अजून रोज बाकावर असतो. वहिनींनी टोपलीचं काम पुन्हा हाती घेतलंय. पण आता दुकान बंद करण्याआधी त्या ताईंच्या मागे येऊन उभ्या राहतात. “करू का रिकामी?” ताई म्हणतात, “आधी उघड.” मग दोघी मिळून टोपलीत डोकावतात, एकेक फोटो बघतात, कोणाचं नाक, कोणाची टाय, कोणाचं टक्कल यावर मनसोक्त हसतात, आणि मग रिकामी करतात. परवा त्या हसत होत्या तेव्हा मी जरा मान लांब करून बघितलं. माझाच फोटो होता.